'ऋण्यांस ऋण सोडले आहे' : यातला ऋणी कोण?

पुण्याहून

येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना आमच्याकडे बायबलातल्या मत्तय 6 मधल्या शब्दांत म्हणतात : "आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड." मुलगी नववीत आहे. तिचा प्रश्न असा की ऋणी म्हणजे आभारी, 'मी आपला ऋणी आहे' यातला. मग जे आपले आभारी आहेत त्यांना आपण काय सोडलं? आणि देवाचं ऋण ही तर चांगली गोष्ट, ते सुटावं असं कशाला मागायचं? अर्थ मला माहीत आहे, पण 'ऋण' हाच शब्द का, हे नीट सांगता येईना. जाणकारांनी सांगावं.

नगरहून

ताई, मुलीची शंका रास्त आहे. 'ऋणी' शब्द गेल्या शे-दीडशे वर्षांत सत्कार-समारंभांत इतका वापरला गेलाय की त्यातला देणेकरी जवळजवळ नाहीसा झाला. आभारप्रदर्शनाला उभा राहिलेला माणूस "आम्ही आपल्या ऋणात राहणेच पसंत करतो" म्हणतो आणि लोक टाळ्या वाजवतात. हेच वाक्य सोसायटीच्या वसुली अधिकाऱ्यासमोर म्हणून पाहावं!

प्रार्थनेतला ऋणी म्हणजे जुन्या कागदपत्रांतला ऋणको. धनको देणारा, ऋणको घेणारा. 'आपल्या ऋण्यांस' म्हणजे जे आपलं देणं लागतात त्यांना. कुणी आपलं नुकसान केलं, अपमान केला, शब्द फिरवला, की तो आपलं काही तरी देणं लागतो.

दुसरी शंका जास्त खोल आहे. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही कल्पना फार जुनी, तैत्तिरीय संहितेतली. ती ऋणं फेडायची असतात : यज्ञाने, अध्ययनाने, संततीने. कुणी ती माफ करत नाही आणि तशी कुणी अपेक्षाही धरत नाही. उतराई होणं, पांग फेडणं ही त्याच घरातली क्रियापदं. प्रार्थनेत मात्र ऋण तेच ठेवून क्रियापद बदललंय. फेडायला जमणार नाही हे आधीच कबूल करून 'सोड' म्हटलंय. मराठी कानाला खटकतं ते इथे, आणि खटकावंच.

मूळ ग्रीक मत्तयात शब्द देण्याघेण्याचाच आहे, लॅटिनमध्येही 'डेबिता'. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे तिच्यात 'होबा' हा एकच शब्द कर्ज आणि पाप दोन्हींसाठी चालतो. लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात पहिल्या जागी 'पापे' घातलं, पण पुढे 'ऋणी' तसाच राहू दिला. तेव्हा हे भाषांतरकारांनी मनाने घातलेलं नाही.

वसईहून

आम्हा कॅथलिकांच्या प्रार्थनेत अपराध आणि क्षमा आहे. ऐकायला सोपं, पोरांना लगेच कळतं. मत्तय स्वतः दोनच वचनं पुढे, 14व्या वचनात, अपराध म्हणतो. मग ऋणाचा हट्ट कशाला? ऋण म्हटलं की लोकांना पैसाच आठवतो.

नगरहून

पैसा आठवला तर बिघडलं कुठे? ज्यांच्यासमोर ही प्रार्थना पहिल्यांदा म्हटली गेली त्यांना पैसाच आठवला असणार. बायबलच्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्ज सोडायचा नियम आहे, तिथल्याच 'लेवीय' पुस्तकाच्या 25व्या अध्यायात पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुळाकडे परत जाते. लोक ते पाळत किती हा प्रश्न वेगळा. सातवं वर्ष जवळ आलं की सावकार हात आखडता घेतात, ही तक्रार त्याच अध्यायात आहे.

आणि मत्तय 18 मधला दाखला घ्या. एका चाकराला राजाचं दहा हजार तालांत देणं होतं. दिनार म्हणजे शेतमजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे साधारण 6000 दिनार. म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी. राजाने ते सोडलं. बाहेर पडल्यावर त्याच चाकराने शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. प्रवचनांत हे शंभर दिनार नेहमी 'क्षुल्लक' म्हणून सांगतात. माझं ऐकाल तर ते तसं सांगू नये. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे तीन-चार महिन्यांचं घर चालतं. सोबत्याने खरंच देणं ठेवलं होतं, आणि ते बुडालं तर या चाकराला खरंच झळ बसणार होती. क्षमा मागणारे आणि मागायला लावणारे दोघेही हे सहज विसरतात. 'अपराध' म्हटलं की गोष्ट भावनेवर जाते : राग गेला, झालं. 'ऋण' म्हटलं की विचारावं लागतं, किती होतं, कुणाचं होतं, आणि सोडल्यावर तोटा कुणी सोसला.

सोलापूरहून

बँकेतून निवृत्त झालोय, म्हणून एक भर घालतो. आमच्याकडे कर्ज निर्लेखित करणं आणि माफ करणं या दोन वेगळ्या गोष्टी. निर्लेखित केलं म्हणजे ताळेबंदातून रक्कम काढली. कर्जदाराचं देणं संपत नाही, वसुली चालूच राहते, जामीनदारालाही नोटीस जाते. चर्चच्या मंडळीत जे "मी त्याला केव्हाच क्षमा केली" म्हणणारे भेटतात त्यांतल्या बऱ्याच जणांचं हे निर्लेखन असतं. वहीतून नाव गेलं, पण लग्नाकार्यात, वाटणीच्या बैठकीत, आजारपणात वसुली सुरूच.

शब्दांबद्दलच बोलायचं तर कर्जमाफी आणि कर्जमुक्ती हा वाद महाराष्ट्राने पाहिलाय. शेतकरी चळवळीचं म्हणणं, माफी गुन्हेगाराला देतात, आम्ही गुन्हा केलेला नाही, म्हणून मुक्ती म्हणा. 2019 च्या सरकारी योजनेच्या नावात कर्जमुक्तीच आहे. प्रार्थनेतलं 'सोड' या दोन्हींपेक्षा मला बरं वाटतं. देणं होतं हे ते नाकारत नाही, आणि देणेकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यातही उभं करत नाही.

वसईहून

काका, निर्लेखनाचं अगदी पटलं. पण एक व्यवहारातली अडचण सांगते. घरात सुनेचे दागिने दिराने मोडले. परत आणले नाहीत. उपवासकाळात घरचे वडीलधारे तिला म्हणतात, "प्रभूने क्षमा करायला सांगितलंय, सोडून दे." प्रार्थनेतलं 'सोड' आणि हे 'सोडून दे' एकच का?

नगरहून

मुळीच नाही. 'सोडून दे' मध्ये बहुतेक वेळा विषय बंद करायची घाई असते. देणं होतं की नव्हतं याची चर्चाच नको असते. 'ऋण सोडणे' हे रोखा समोर ठेवून, रक्कम वाचून करायचं काम आहे.

प्रार्थनेत 'आपल्या ऋण्यांस' आहे, हा 'आपल्या' फार मोलाचा. तुकोबांची कथा आठवा. वडिलोपार्जित सावकारीचे कर्जरोखे त्यांनी इंद्रायणीत बुडवले, पण धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा आधी वेगळा काढून दिला. स्वतःच्या वाट्याचेच बुडवले. दुसऱ्याच्या रोख्यावर पाणी सोडण्याचं पुण्य कुणालाही घेता येत नाही. त्या घरातले वडीलधारे सुनेचे रोखे बुडवायला निघालेत. सोडायचं की नाही हे ती ठरवेल. आणि तिने सोडलंच, तरी दिराच्या हाती पुन्हा कपाटाची किल्ली द्यायला ती बांधलेली नाही. जुनं ऋण सोडणं आणि नवी उधारी देणं हे दोन निराळे व्यवहार.

(तुकोबा इथे आले म्हणून कुणी दचकू नये. नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत.)

डोंबिवलीहून

थोडं अवांतर. पैशाची भाषा फक्त ऋणापुरती नाही. 'तारण' घ्या. चर्चमध्ये तारण म्हणजे उद्धार, पतपेढीच्या पाटीवर 'सोनेतारण'. गहाण सोडवतात आणि "वाइटापासून सोडव" असंही म्हणतो. सगळ्यात अवघड 'खंडणी'. मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला, असं मार्क 10:45 मध्ये वाचताना हल्ली डोळ्यांसमोर खंडणीविरोधी पथक येतं. शिवकाळातली खंडणी वेगळी होती, पण आजच्या तरुणाला ते कोण सांगणार? इथे मात्र शब्द बदलावा या मताचा मी आहे. 'सुटकेचं मोल' चालेल.

याच प्रार्थनेतल्या 'परीक्षेत आणू नको' यावर शाळकरी मुलं मार्चमध्ये हसतातच. मूळ शब्दात कसोटी आणि मोह दोन्ही आहेत. याच ओळीवरून पोप फ्रान्सिस 2017 मध्ये बोलले होते आणि इटालियन मिस्सातली (कॅथलिक उपासनेतली) शब्दरचना 2020 मध्ये बदलली. तो वेगळा धागा होईल.

पुण्याहून

सगळ्यांचे आभार (ऋणी आहे म्हणत नाही!). एक शेवटचं. आम्ही 'सोडले आहे' म्हणतो, वसईच्या ताईंच्या प्रार्थनेत 'क्षमा करतो' असा चालू काळ आहे ना? आणि 'जसे' म्हटल्यावर 'तसे' यायला हवं, 'तशी' कसं?

नगरहून

काळाचा फरक मुळातच आहे. मत्तयाच्या ग्रीकमध्ये भूतकाळ, लूकमध्ये वर्तमान. मत्तयाचं अवघड, कारण तोंडाने 'सोडले आहे' म्हणेपर्यंत ते सोडलेलं असायला हवं. आमच्याकडे एक आजोबा एका भावकीच्या खटल्याच्या काळात तेवढं अर्धं वाक्य गाळून पुढे जायचे, सगळ्या मंडळीला ऐकू यायचं. मला ते प्रामाणिक वाटायचं.

'तशी' चा संबंध 'ऋणे' शी आहे. पहिल्या भागात 'ऋण' एकवचनी म्हणून 'जसे', दुसऱ्यात 'ऋणे' अनेकवचनी नपुंसकलिंगी म्हणून 'तशी', 'ती घरे' मधल्या 'ती' सारखं. आपण इतरांना सोडलं ते एक ऋण, देवाकडे मागतोय ती अनेक. हा अर्थ मुद्दाम योजलेला असेल असं मी म्हणणार नाही, व्याकरण मात्र चोख आहे.