निधी आला, पण पुढचा खर्च कोणाचा? सोलापूरच्या सार्वजनिक कामांविषयी एक प्रश्न

प्रश्न : जुळे सोलापूरचा रहिवासी

सोलापुरात कोणत्याही मोठ्या कामाची चर्चा निघाली की ती ‘निधी कोणी आणला’ या एकाच मुद्द्यावर येऊन अडते. एक पक्ष केंद्राचे नाव घेतो, दुसरा राज्याचे, आणि पूर्वी सत्तेत असलेले लोक मंजुरी आपल्या काळातली असल्याचे सांगतात. उजनी धरण ते सोलापूर या, जुन्या वाहिनीच्या जोडीच्या समांतर जलवाहिनीसाठी केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेतून आणि एनटीपीसी या सरकारी वीजनिर्मिती कंपनीकडून पैसा उभा राहिला, याचे समाधान आहेच. पण हद्दवाढ भागात चार-पाच दिवसांआड पाणी भरण्याची लोकांना इतकी सवय झाली आहे की घर बांधताना आधी हौदाची जागा ठरते. ज्या रात्री चावी सोडली जाते त्या रात्री सुरुवातीचे पाणी गढूळ म्हणून सोडून द्यावे लागते, आणि खालच्या घरांच्या मोटारी बंद होईपर्यंत चढावरच्या घरांत धार पोहोचत नाही.

धरणातून जास्तीचे पाणी आणण्यासाठी सरकार पैसा देते, तर ते गल्लीपर्यंत पोहोचवणाऱ्या जुन्या वाहिन्या, टाक्या आणि त्यांची देखभाल यांचा खर्च कोणी करायचा? मंजुरी देतानाच याचा हिशेब का मांडला जात नाही?

उत्तर १ : लेखा विभागातून निवृत्त

आपला प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. त्याचे उत्तर पक्षांच्या भांडणात कमी आणि अनुदानाच्या अटींत जास्त सापडते.

केंद्राची योजना जवळजवळ नेहमीच हिश्श्याची असते. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरची निवड झाली, तेव्हा केंद्राने प्रत्येक शहराला पाच वर्षांत ५०० कोटी द्यायचे आणि तेवढीच रक्कम राज्य व महापालिकेने उभी करायची, असे सूत्र होते. शहरांच्या पाणी व मलनिस्सारणासाठीच्या केंद्राच्या अमृत २.० योजनेत एक लाख ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांना प्रकल्पखर्चाचा एक तृतीयांश भाग केंद्राकडून मिळतो. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८ होती, म्हणजे आपण याच गटात येतो. उरलेला पैसा राज्य आणि महापालिका यांनी घालायचा, आणि महापालिकेचा हिस्सा वेळेवर जमला नाही की पुढचे हप्ते रखडतात, मक्तेदाराची देयके थकतात आणि खोदलेला रस्ता तसाच पडून राहतो.

आता महापालिकेकडे हा हिस्सा येणार कोठून? पूर्वी शहरात येणाऱ्या मालावर जकात होती, नंतर तिच्या जागी व्यापाऱ्यांकडून घेतला जाणारा स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळले गेले, आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर शहराच्या हाती राज्याकडून येणारी भरपाई, मिळकत कर आणि पाणीपट्टी एवढेच मोठे स्रोत उरले. त्यातला बराचसा पैसा पगार, निवृत्तिवेतन आणि पंपांच्या वीजबिलातच जातो.

स्मार्ट सिटी अभियान ३१ मार्च २०२५ रोजी संपले. त्यातून उभे राहिलेले रस्ते, दिवे, यंत्रणा आणि पार्क स्टेडियमचे नूतनीकरण यांची देखभाल त्या अनुदानात नव्हती. ती शहरावर आली. बांधकामाच्या खर्चाला दाता मिळतो, चालवण्याच्या खर्चाला मिळत नाही, आणि माझ्या मते सगळी अडचण येथेच आहे. प्रकल्प अहवालात देखभालीचे प्रकरण असते, परंतु मंजुरीच्या सभेत त्यावर चर्चा झालेली मी फारशी पाहिलेली नाही.

उत्तर २ : यंत्रमाग कारखानदार, अक्कलकोट रोड

वरील माहितीशी सहमत आहे, पण निष्कर्षाबाबत सावध राहावे असे वाटते. ‘आधी देखभालीची तरतूद दाखवा, मग नवे काम मागा’ असा नियम केला तर सोलापूरला काहीच मिळणार नाही, कारण आपली महापालिका अशी तरतूद दाखवूच शकणार नाही. गिरण्या बंद पडल्यानंतर टॉवेल आणि चादरीच्या धंद्यावर हे शहर तगून आहे आणि शिकलेली मुले पुण्याची वाट धरतात. अशा शहरात रेल्वे, रस्ते आणि पाणी यांवर सरकारने पुढाकाराने खर्च केलाच पाहिजे.

तुळजापूरमार्गे धाराशिवला जाणाऱ्या रेल्वेचे उदाहरण घ्या. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी सोलापूरच्या सभेत तिचा उल्लेख केला, परंतु सुमारे ९०४ कोटींच्या मूळ अंदाजातील निम्मा, म्हणजे ४५२ कोटींचा हिस्सा उचलण्याचा राज्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. हिस्सा कोणी द्यायचा यावर वर्षे गेली आणि तेवढ्यात खर्चही वाढला. उशिराची किंमत कोणत्याच अंदाजपत्रकात लिहिलेली नसते, ती आम्ही भरतो.

उत्तर ३ : मोहोळ तालुक्यातील शेतकरी

शहरातल्या मंडळींनी नदीकडेही पाहावे, ही विनंती. जलवाहिनीबरोबरच सोलापूरसाठी उजनीतून भीमा नदीत पाणी सोडून ते नदीवरच्या औज बंधाऱ्यात अडवायचे आणि टाकळीच्या उपसा केंद्रातून उचलायचे, ही पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे. एवढ्या लांबच्या नदीपात्रात शहराच्या गरजेच्या कितीतरी पट पाणी सोडावे लागते, आणि ऐन उन्हाळ्यात आमच्या कालव्याचे आवर्तन लांबते. म्हणून समांतर जलवाहिनीवरचा खर्च शेतकऱ्याच्याही हिताचा आहे, असे मी मानतो.

मात्र नागपूर ते गोवा अशा नियोजित शक्तिपीठ महामार्गासाठी जमीन मागताना सरकारची जी तत्परता दिसते, ती कालव्याचे पाणी शेतापर्यंत नेणाऱ्या पोटचाऱ्यांच्या दुरुस्तीत दिसत नाही. पैसा नाही हे कारण मग पटत नाही. कशाला आधी द्यायचा, हा निर्णय राजकीय आहे आणि त्याचे उत्तर राज्यकर्त्यांनीच द्यायला हवे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. कारखानदार साहेबांचे म्हणणे मला पटले. गरीब शहराला अट घालून मागे ठेवणे अन्यायाचे होईल. मग निवृत्त साहेबांना एवढेच विचारतो, की नागरिकाने नेमके काय मागावे?

उत्तर १ : लेखा विभागातून निवृत्त

अट शहराला घालू नये, अनुदान देणाऱ्याला घालावी. पाणी व मलनिस्सारणाच्या प्रत्येक मंजुरीत पहिल्या काही वर्षांच्या चालवणुकीचा खर्च प्रकल्पखर्चातच धरावा आणि ज्या शहराची ऐपत कमी त्याच्या हिश्श्याचा भार राज्याने उचलावा, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे लेखी करता येते.

शहरापुरते बोलायचे तर अंदाजपत्रक सभेपुढे येते तेव्हा तीन गोष्टी मागून घ्याव्यात : चालू योजनांतील महापालिकेचा थकीत हिस्सा, मक्तेदारांची थकीत देयके आणि पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीवर गेल्या वर्षी प्रत्यक्षात झालेला खर्च. तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचले, की आपल्या गल्लीतली वाहिनी का बदलली जात नाही हे नगरसेवकाला कागद दाखवून विचारता येते. मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या काळात हे विचारायला सभागृहच नव्हते, त्यामुळे त्या वर्षांचे आकडे मला आधी पाहावेसे वाटतात.