सक्तीची सेवा आणि पन्नास तास

कायद्याच्या विद्यार्थ्यांना गरिबांसाठी फुकट कायदेशीर काम सक्तीचं करावं का, या चर्चेतला 'सक्ती केली की ती स्वयंसेवा कसली?' हा आक्षेप शब्दापुरता अगदी बरोबर आहे. मग तिला स्वयंसेवा म्हणूच नका, प्रशिक्षण म्हणा. शिकाऊ डॉक्टरला वॉर्डात उभं करताना त्याची इच्छा कोण विचारतं?

न्यूयॉर्क राज्याचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथले तेव्हाचे मुख्य न्यायाधीश जोनाथन लिपमन यांनी २०१२ मध्ये ५० तास फुकट कायदेशीर कामाचा नियम जाहीर केला. १ जानेवारी २०१५ पासून वकिलीची सनद हवी असेल तर आधी हे तास भरायचे. काम कायद्याचंच हवं. गरिबांचं घर बांधायला विटा उचलल्या तर ते पुण्य खरं, पण तास धरत नाहीत. राजकीय पक्षाचा प्रचारही चालत नाही. उलट कॉलेजच्या लीगल क्लिनिकमधलं, म्हणजे विद्यार्थी चालवतात त्या कायदा मदत केंद्रातलं काम, ज्याचे क्रेडिट मिळतात, तेही चालतं. म्हणजे त्यागाची अपेक्षा फारशी नाहीच!

माझी शंका वेगळी आहे. अर्धवट शिकलेल्या मुलाच्या हाती गरिबाचा भाडेवाद द्यायचा, तर वर अनुभवी वकील लागतो. न्यूयॉर्कच्या नियमात देखरेख आणि वरिष्ठाची सही, दोन्ही आवश्यक आहेत. पण सही करणं सोपं, मसुदा ओळ न् ओळ तपासणं कठीण. त्या वकिलाचा वेळ फुकट येत नाही. त्याचे पैसे कॉलेजने द्यायचे की बार कौन्सिलने (वकिलांच्या नियामक संस्थेने), यावर या चर्चेत अजून कुणीच बोललेलं नाही.