मदत हवी आहे : दुकानातून पायथन स्क्रिप्ट रिमोट मायएसक्यूएलला कनेक्ट होत नाही, घरून होते

नमस्कार मंडळी, सांगलीतून लिहितोय. मार्केट यार्डात काकांचं हळदीचं अडत दुकान आहे, सौद्याच्या नोंदी मुंबईतल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर मायएसक्यूएल ८ मध्ये जातात (उबंटू आहे, रूट लॉगिन माझ्याकडंच आहे). मी पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिलीय, ती त्या डेटाबेसमधून वजन, दर, हमाली, तोलाई उचलते आणि शेतकऱ्याची पट्टी (हिशेबाची चिठ्ठी) प्रिंटला काढते.

घरून विश्रामबागेतून एकदम झकास चालते. तोच लॅपटॉप, तीच स्क्रिप्ट, तोच पासवर्ड घेऊन दुकानात बसलं की बराच वेळ नुसती थांबून राहते आणि मग २००३ येतो, कान्ट कनेक्ट टू मायएसक्यूएल सर्व्हर, कंसात १००६०. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून पण तेच. सर्व्हरला पिंग मात्र दोन्हीकडून जातो, त्यामुळं नेट बंद आहे असंही म्हणता येत नाही.

एकानं सांगितलं की फायरवॉलमध्ये ३३०६ (मायएसक्यूएलचा पोर्ट) सगळ्यांना उघडा कर आणि युजरच्या होस्टला टक्क्याचं चिन्ह टाक, म्हणजे कुठूनही लॉगिन होईल, लगेच चालेल. चालेल हो, पण त्या टेबलात शेतकऱ्यांचे मोबाईल नंबर आणि बँक खाती आहेत. लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती अशी जगाला उघडी ठेवायला माझं मन घेत नाही. राजापुरी हळदीची आवक जोरात आहे, माणसं पट्टीसाठी ताटकळतात, म्हणून लवकर पाहिजे पण नीट पाहिजे. काय करू?

प्रतिसाद १ :
टक्क्याचं चिन्ह टाकलं नाहीस ते फार बरं केलंस. आता एरर काय सांगतोय ते बघ. १००६० म्हणजे टाइमआउट, तुझी विनंती वाटेतच कुणीतरी गिळली, बहुतेक वेळा फायरवॉलच. विंडोजवर १००६१ आला असता तर मशीनपर्यंत पोचलास पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही असा अर्थ, बाइंड-अ‍ॅड्रेस १२७.०.०.१ असला, म्हणजे मायएसक्यूएल फक्त सर्व्हरच्या आतूनच ऐकत असला, की साधारण तसं होतं. ११३० म्हणजे मायएसक्यूएल भेटला पण तुझ्या आयपीला आत घेत नाही, आणि १०४५ म्हणजे युजर-पासवर्ड जुळला नाही. घरून चालतंय म्हणजे पासवर्ड, बाइंड-अ‍ॅड्रेस सगळं ठीक आहे, फायरवॉलमध्ये फक्त घरचा आयपी घातलेला असणार. पिंगवर जाऊ नकोस, पिंग आयसीएमपी या वेगळ्या प्रोटोकॉलनं जातो, त्याला पोर्टच नसतो. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन लावून ३३०६ तपास.

दुकानाचा आयपी घालून भागणार नाही कारण तो बदलत राहणार, आणि हॉटस्पॉटवर तर एकच आयपी शेकडो गिऱ्हाइकांत वाटलेला असतो. एसएसएच टनेल कर, म्हणजे सर्व्हरपर्यंत कुलूपबंद वाट. लॅपटॉपचा ३३०७ पोर्ट घे, तो एसएसएचमधून सर्व्हरच्या १२७.०.०.१ च्या ३३०६ ला जोड, आणि स्क्रिप्टमध्ये होस्ट १२७.०.०.१, पोर्ट ३३०७ दे. विंडोज १० मध्ये एसएसएच आतच असतं. रूटनं नको, टनेलपुरता वेगळा युजर कर, लॉगिन कीनं (चावीच्या फाइलनं) ठेव, पासवर्डचं बंद कर. घरूनही टनेलनंच जात जा, मग ३३०६ चा बाहेरचा नियम काढूनच टाकता येईल.

धागाकर्ता :
फायरवॉलच निघाला, यादीत एकटा घरचा आयपी होता. टनेल लागला! पण आता १०४५ येतोय, युजरच्या पुढं लोकलहोस्ट (म्हणजे तेच मशीन) लिहून.

प्रतिसाद १ :
बरोबर आहे, टनेलमधून आलास की मायएसक्यूएलला तू सर्व्हरवरूनच आलायस असं दिसतं. तुझा युजर घरच्या आयपीपुरता बनवलेला असेल, त्याच्याजवळ लोकलहोस्टची नोंद नाही. लोकलहोस्टसाठी वेगळा युजर कर आणि पट्टीला नुसतं वाचायचंच असेल तर त्याला लागतील तेवढ्याच टेबलांवर फक्त सिलेक्ट (वाचायची परवानगी) दे.

धागाकर्ता :
झालं दादा, मनापासून आभार! पहिली पट्टी दुकानातच निघाली, काका लई खूश आहेत. आता एवढंच सांगा, यार्डात लाईट गेली की नेट जातं आणि टनेल तुटतो, परत हातानं चालू करावा लागतो. एसएसएचमध्ये सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल (कनेक्शन जिवंत आहे का ते ठरावीक वेळानं तपासणारी सेटिंग) घालून आणि विंडोजच्या टास्क शेड्युलरला लावून आपोआप उठेल का, का स्क्रिप्टमधूनच टनेल उघडलेला बरा? काकांना कमांड टाइप करायला लावायचं नाहीये.