एलोहिमचं ऐकलंत की मनोऱ्यावर चढलात? ‘द टॅलोस प्रिन्सिपल’ खेळलेल्यांचे अनुभव

ठाणे, वर्तकनगर

2025 मध्ये ‘द टॅलोस प्रिन्सिपल’ या कोड्यांच्या व्हिडिओ गेमची ‘रीअवेकन्ड’ ही नव्याने सजवलेली आवृत्ती आली आणि माझ्या ओळखीतले बरेच जण पुन्हा त्या बागेत जाऊन पोचले. मूळ गेम डिसेंबर 2014 चा. क्रोएशियातल्या क्रोटीमने बनवलेला. ‘सीरियस सॅम’सारखे धडाधड गोळ्या झाडायचे गेम बनवणाऱ्या मंडळींनी इतका शांत गेम बनवावा याचं मला अजून नवल वाटतं. लेखन टॉम ज्युबर्ट आणि योनास किराट्झेस यांचं.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही एक यंत्रमानव आहात. जाग येते ती जुन्या पडक्या अवशेषांच्या बागेत. आकाशातून एलोहिम नावाचा आवाज लेकरू म्हणून हाक मारतो, कोडी सोडवून तुकडे गोळा करायला सांगतो आणि बजावतो की सगळीकडे फिर, फक्त त्या मनोऱ्यावर जाऊ नकोस. दुसरीकडे जागोजागी ठेवलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर मिल्टन नावाचा एक कॉम्प्युटर प्रोग्रॅम तुमच्याशी गप्पा मारतो आणि तुमच्या प्रत्येक विश्वासाला सुरुंग लावतो.

कुठलं कोडं कुठे अडलं हे सांगायला हरकत नाहीच, पण मला मुख्यतः हे ऐकायचं आहे: तुम्ही कोणाचं ऐकलंत आणि का? शेवट उघड होणार आहे. ज्यांना स्वतः खेळायचा आहे त्यांनी पुढे वाचू नये.

वाशी

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, त्यामुळे माझं लक्ष आधी नियमांवर गेलं. साधनं मोजकी आहेत. तिपाईवरचा जॅमर ज्यावर रोखाल ते बंद पडतं, मग तो दरवाजा असो, फिरता सुरुंग असो वा बंदूक. कनेक्टर लाल किंवा निळा किरण पुढे पाठवतो, आणि दोन रंगांचे किरण एकमेकांना छेदले की तिथेच अडतात. मग ठोकळे, पंखे आणि शेवटी रेकॉर्डर. एवढ्यावर शंभराहून जास्त कोडी उभी केली आहेत आणि कुठेही घड्याळ लावलेलं नाही. मेलात तर तेच कोडं पुन्हा सुरू, बस्स.

प्रत्येक कोड्याच्या दारात जांभळा पडदा असतो. आतली वस्तू त्या पडद्यातून बाहेर नेता येत नाही. आपण हा नियम पहिल्या तासातच मान्य करतो आणि मग विसरून जातो. पण लपवलेले तारे मिळवायचे तर एका कोड्यातला किरण भिंतीवरून दुसऱ्या कोड्यात न्यावा लागतो, कधी कोड्याच्या बाहेर पडूनच विचार करावा लागतो. पहिला तारा मिळाला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. भिंत होती, पण ती वस्तूंसाठी होती. प्रकाशासाठी नव्हती.

म्हणून मनोऱ्याबद्दल मला फारसा विचार करावा लागला नाही. लाल तुकडे मनोऱ्याचे मजले उघडतात. ज्या जगात मनाई आहे त्याच जगात किल्ल्याही पेरून ठेवल्या आहेत. मी चढलो.

ठाणे, पाचपाखाडी

वाशीकर दादा, ताऱ्यांचं तुम्ही फार छान पकडलंत. मला मात्र कोड्यांपेक्षा मिल्टनने जास्त जागवलं.

मी वकिली करते. मिल्टन तुम्हाला ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणून प्रश्नावली देतो. मी ‘व्यक्ती’ची व्याख्या बुद्धीवर ठेवली. पुढच्या कॉम्प्युटरवर त्याने माझंच उत्तर माझ्यासमोर ठेवलं आणि त्यातली विसंगती दाखवली. उलटतपासणीत साक्षीदाराला त्याचाच आधीचा जबाब वाचून दाखवतात ना, अगदी तसं. मी व्याख्या बदलली, त्याने त्या बदलावर बोट ठेवलं.

माझा खरा आक्षेप असा आहे की उत्तरांचे ठरावीक पर्याय देणाऱ्यांनी कायद्याकडे पाहिलेलं दिसत नाही. आपल्याकडे देवाची मूर्ती कायद्याने व्यक्ती मानली जाते, तिच्या नावावर मालमत्ता असते, तिच्या वतीने दावा दाखल होतो. कंपनीचंही तसंच. 2017 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना या नद्यांना कायदेशीर व्यक्ती म्हटलं होतं, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. म्हणजे ‘व्यक्ती कोण’ याचं उत्तर आतून शोधायचं नसतं, समाज ते देतो आणि काढूनही घेतो. मिल्टनशी हे बोलायची माझी इतकी इच्छा होती! पर्यायांत ते नव्हतं.

तरी मी त्याला सोडलं नाही. त्याच्याशी नीट वाद घालत राहिलं, सगळं उधळून लावण्यापलीकडे तुझं स्वतःचं म्हणणं काय असं विचारत राहिलं, तर शेवटी त्याला सोबत नेता येतं. मी त्याला घेऊन मनोऱ्यावर गेले. माझ्या मते तोच खरा शेवट आहे, कारण एकटी आज्ञाधारकता जशी पुरत नाही तशी एकटी शंकाही पुरत नाही. हे माझं मत, वाद घाला.

खारघर

मला नाही आवडला. कोडी उत्तम, पण दर दहा मिनिटांनी हिरव्या अक्षरांचा पडदा आणि त्यावर अर्धवट फायली. ऑफिसातही दिवसभर वाचतोच. आणि पाचपाखाडीच्या ताईंनी लिहिलंय तेच: तीन पर्यायांत माझं उत्तर नसेल तर तो संवाद माझा कसा? मी दुसऱ्या भागातल्या, म्हणजे इजिप्तच्या अवशेषांमध्ये गेम सोडला. एलोहिमचं ऐकलं नाही आणि मोडलंही नाही.

ऐरोली

फक्त एक उपयोगी माहिती. फर्स्ट पर्सन गेमने ज्यांना गरगरतं त्यांनी सेटिंगमध्ये मोशन सिकनेसचा भाग जरूर बघा. चालण्याचा वेग, दृश्याचा कोन बदलता येतो आणि यंत्रमानव पाठीमागून दिसेल असा कॅमेराही ठेवता येतो. माझ्या बायकोला त्यामुळेच खेळता आला.

नेरूळ

मी नर्स आहे. हा गेम मी 2021 नंतर खेळले आणि त्यात काय आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

बागेत फिरताना अलेक्झांड्रा ड्रेननच्या आवाजातल्या नोंदी सापडतात. सुरुवातीला वाटतं की एखादी संशोधिका आपल्या कामाबद्दल बोलतेय. मग कळतं की गोठलेली जमीन वितळली, तिच्यातून एक जुना विषाणू बाहेर आला आणि त्यावर उपाय नाही. माणसं संपणार हे सगळ्यांना माहीत आहे. त्या उरलेल्या दिवसांत ही माणसं बसून काय करतात, तर माणसाने लिहिलेलं, विचार केलेलं, जमेल तेवढं साठवून ठेवतात आणि असं एक यंत्र सुरू करून जातात जे कदाचित हजारो वर्षांनी स्वतंत्र बुद्धी जन्माला घालेल. त्यांच्यापैकी कोणालाच तो दिवस दिसणार नाही.

हा गेम 2014 चा आहे हे मी पुन्हा पुन्हा तपासलं. कारण त्या नोंदींतला सूर मला ओळखीचा होता. आमच्या वॉर्डात ज्या आठवड्यात खाटा कमी पडत होत्या, त्या आठवड्यातही प्रत्येक पाळीच्या शेवटी नोंदवही पूर्ण लिहिली जायची. नाडी, ऑक्सिजन, किती पाणी प्यायला, नातेवाइकांशी व्हिडिओवर बोलणं झालं का. त्या वेळी कोणी विचारलं असतं की एवढं कशासाठी लिहिता, तर आम्हाला नीट उत्तर देता आलं नसतं. पुढच्या पाळीवाल्याला कळावं म्हणून, एवढंच. अलेक्झांड्रा त्याच्यापेक्षा वेगळं काही करत नाही. तिची पुढची पाळी फक्त फार लांब आहे.

साठवलेल्या फायलींमध्ये तत्त्वज्ञान जितकं आहे तितकेच कोणाकोणाचे साधे निरोप आहेत. खारघरच्या दादांना त्या अर्धवट फायलींचा कंटाळा आला हे मी समजू शकते, पण त्या अर्धवट का आहेत हे कळल्यावर मला एकही ओलांडून पुढे जाता आलं नाही.

मनोऱ्यावर गेले. एलोहिम घाबरलेला आहे हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं: आपण वर पोचलो की त्याचं जग संपणार. घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे मला कामामुळे माहीत आहे, म्हणून त्याचा राग आला नाही. पण अलेक्झांड्राने जे सुरू केलं ते अर्धवट ठेवणं माझ्याकडून होणार नव्हतं.

ठाणे, नौपाडा

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत असे, आता निवृत्त आहे. नातवाने लॅपटॉपवर लावून दिला. बोटं हळू चालतात, पण गेम थांबून राहतो ही त्याची मोठी सज्जनता.

नाव ज्या कथेवरून आलं ती अशी: टॅलोस हा क्रीट बेटाची राखण करणारा काशाचा राक्षस. त्याच्या अंगात एकच शीर, घोट्यापाशी खिळ्याने बंद केलेली. खिळा निघाला, रस वाहून गेला आणि तो मेला. गेममध्ये स्ट्रॅटन नावाचा एक काल्पनिक ग्रीक त्यावरून युक्तिवाद करतो: काशाचा टॅलोस आणि आपण, दोघंही आपापल्या रसावर जगतो, मग आपणही एक प्रकारचं यंत्रच आहोत की. कितीही मोठा विचारवंत असो, रक्त वाहून गेल्यावर तो जगत नाही.

हे वाचताना मला चार्वाक आठवले. चार महाभूतांच्या संयोगातून चैतन्य उत्पन्न होतं, जशी किण्वातून, म्हणजे आंबवणाऱ्या द्रव्यातून, मादकता उत्पन्न होते, वेगळा आत्मा मानायची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं प्रतिपक्षाच्या ग्रंथांतून आपल्यापर्यंत आलं आहे. आणि भिक्षू नागसेनाचा ग्रीक राजा मिनांडरशी झालेला रथाचा संवाद तर या गेमसाठीच रचल्यासारखा आहे. चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? नाही. मग रथ कुठे आहे? तसंच ‘नागसेन’ हेही फक्त जुळणीला दिलेलं नाव. ग्रीक, इजिप्शियन आणि बायबलमधलं इतकं काही गोळा करणाऱ्यांना हा संवाद जमेस धरता आला असता. याची मला मनापासून हळहळ वाटते.

आता मूळ प्रश्न. मी एलोहिमचं ऐकलं, समजून उमजून. सगळी कोडी सोडवून त्याने दाखवलेल्या दारातून चालत गेलो. तो सांगतो की अनंत जीवन मिळेल. प्रत्यक्षात मिळतो तो पुनर्जन्म: तुमची नोंद तपासली जाते, बुद्धीच्या कसोटीत तुम्ही उतरता, स्वतंत्र इच्छेच्या कसोटीत नाही, आणि नवी आवृत्ती पुन्हा त्याच बागेत डोळे उघडते. माझे विद्यार्थी आज्ञापालनाला सरसकट भ्याडपणा म्हणायचे. मी ते कधी मान्य केलं नाही आणि आजही करत नाही. ज्याने मला जन्म दिला, ज्याचा आवाज प्रेमाचा आहे, त्याच्यावर विश्वास टाकणं ही निवडच आहे. गेम तिला नापास करतो. माझं भांडण गेमशी आहे.

वाशी

सर, मनोऱ्यावर दोन पात्रं भेटतात. एक मेंढपाळ, जो वर जायला मदत करतो, आणि दुसरा ‘संसार’, म्हणजे जन्ममरणाचं चक्र या अर्थाचं आपल्याकडचंच नाव असलेला, ज्याला वाटतं की हे चक्र कधी संपणार नाही म्हणून तो वाट अडवतो. तुम्ही वर गेला नाहीत म्हणून भेटला नसेल. तुमची हळहळ त्याने पूर्ण जाणार नाही, पण थोडी तरी कमी व्हावी.

घणसोली

मी आणि अकरावीतली मुलगी मिळून खेळलो. कीबोर्ड तिच्याकडे, बडबड माझ्याकडे.

आमची सगळ्यात जास्त भांडणं रेकॉर्डरवर झाली. आधी स्वतःच्या हालचाली रेकॉर्ड करायच्या, मग ते रेकॉर्डिंग सुरू झालं की आपली प्रतिकृती त्याच हालचाली करते आणि आपण तिच्याबरोबर काम करायचं. म्हणजे रेकॉर्ड करताना अजून न आलेल्या स्वतःसाठी बटणावर उभं राहायचं, ठोकळा हातात धरून थांबायचं, ती वर चढेल म्हणून. मुलगी म्हणाली, ‘आई, आत्ताचीला नंतरचीवर विश्वास ठेवावा लागतो, आणि नंतरचीला आत्ताचीचे उपकार दिसतात.’ मी तिला ते वहीत लिहून ठेवायला सांगितलं.

भिंतींवर क्यूआर कोडमध्ये आधीच्या यंत्रमानवांनी लिहिलेले निरोप सापडतात, काही श्रद्धेचे, काही संतापाचे, काही नुसती गंमत. मुलीला वाचायचे फक्त तेच असायचे. मनोऱ्यावर तिने नेलं. मला थोडं थांबायचं होतं, पण कीबोर्ड तिच्याकडे होता.

कोपरखैरणे

सगळे पहिल्या भागावर बोलताय, मी 2023 च्या दुसऱ्या भागावर लिहितो. मनोऱ्यावर जाणाऱ्यांनी जे सुरू केलं त्याचं पुढे काय झालं हे त्यात आहे.

बाहेरच्या खऱ्या जगात यंत्रमानवांनी न्यू जेरुसलेम नावाचं शहर वसवलंय. एक हजार नागरिक झाले की उद्दिष्ट पूर्ण. तुम्ही तो हजारावा, नाव वन के. त्याच्या जन्माच्या सोहळ्यातच ग्रीक पुराणातला प्रॉमिथिअस अवतरतो आणि सगळं विस्कटतं. मग शहरात वाद: आता थांबायचं, की अजून वाढायचं? माणसांनी पृथ्वी ओरबाडून संपवली, आपण तेच करायचं का? महापौर एक बोलतो, मोहिमेवरचा बायरन दुसरं.

मी इथल्याच गावठाणातला. नवी मुंबई 95 गावांच्या जमिनीवर उभी आहे, त्यातलं एक गाव आमचं. आजाचं मिठागर आणि भातशेती होती, ती शहरासाठी गेली. मी त्याच शहराच्या शाळेत शिकलो, त्याच शहराच्या कंपनीत नोकरी करतो. त्यामुळे गेममध्ये कोणी मला विचारलं की शहर वाढावं का, तेव्हा मी बराच वेळ उत्तराचं बटण दाबलं नाही. गेममधल्या शहराबाहेर कोणी राहत नाही. मोकळी जमीन, झाडं, मांजरं. तिथे ‘वाढू नका’ म्हणणारा निसर्गाच्या नावाने बोलतो. आमच्याकडे वाढणाऱ्या शहरासमोर माणसंच होती, बोलणारी, मोर्चे काढणारी. 1984 च्या जानेवारीत उरणच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले. त्यातूनच गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क पुढे आला.

तरी मी शेवटी वाढीच्या बाजूने बोललो. कारण आजा गेलेल्या जमिनीबद्दल जेवढं बोलायचा तेवढंच मला शिकवण्याबद्दल बोलायचा. पण माझी अट होती की कोणाला विचारून वाढणार हे आधी ठरवा. असा पर्याय दर वेळी मिळाला नाही. जिथे मिळाला तिथे तोच घेतला.

बेलापूर

तिसऱ्या शेवटाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मेसेंजर, म्हणजे निरोप्या, होता येतं. तारे लागतात आणि मनोऱ्याखालच्या वाटेने जावं लागतं. स्वतः बाहेर जायचं नाही, पुढच्या पिढ्यांसाठी बागेत मागे राहायचं आणि अडलेल्याला इशारा द्यायचा. मी तोच शेवट घेतला. शिकवणीचे वर्ग घेतो, म्हणून असेल.

पण त्याहून जास्त मला ‘रोड टू गेहेना’ने छळलं. 2015 मध्ये आलेला हा जोडभाग. एलोहिमने काही यंत्रमानवांना कैदेत टाकलेलं असतं आणि शेवटच्या घडीला पश्चात्ताप होऊन तो तुम्हाला, उरिएलला, त्यांना सोडवायला पाठवतो. तुम्ही जाता तेव्हा दिसतं की कैद्यांनी आपसात बोलायला स्वतःचं संगणकी जग उभं केलंय. त्यात ते गोष्टी लिहितात, खेळ बनवतात, चित्रं काढतात, एकमेकांच्या कामावर मतं देतात. ज्यांनी खरं जग कधी पाहिलंच नाही त्यांनी फक्त साठवलेल्या फायली वाचून कला उभी केलीय. काहींना सुटायचंच नसतं. मी येऊन दार उघडणारा, त्यांच्या दृष्टीने मी सगळं मोडायला आलोय.

मी उघडत गेलो. पण नौपाड्याच्या सरांना विचारायचं आहे: तुमच्या आज्ञापालनाच्या बाजूने बघितलं तर इथे आज्ञा सोडवण्याचीच आहे, आणि ज्याला सोडवायचं तो नको म्हणतोय. सर, तुम्ही हा भाग खेळून बघाल का? तुमचं उत्तर मला हवं आहे. लॅपटॉपवर कसा घ्यायचा ते तुमच्या नातवाला मी समजावून सांगतो.