वजन उतरलं, पण अंगातली ताकदही गेली. पन्नाशीला व्यायाम कुठून सुरू करू?

भुसावळची_मावशी
वय 49. दीड वर्षात 82 वरून 65 किलोवर आले. रात्रीचं जेवण सातच्या आत, चहातली साखर बंद, शेवभाजी महिन्यातून एकदा. आणि पहाटे पाचला चालणं, कारण मे महिन्यात आमच्याकडे आठ वाजताच चटके बसतात. उंबरठ्यावर असलेली शुगर खाली आली. भेटेल तो कौतुक करतो.

पण मागच्या महिन्यात घरात कोणी नसताना गॅस संपला. भरलेली टाकी ओट्याखाली ठेवायची होती. जाड होते तेव्हा कडी धरून दोन हातांनी उचलून ठेवायचे. या वेळी जेमतेम बोटभर उचलली गेली आणि मनगटं थरथरायला लागली. पंगतीत मांडी घालून बसले तर उठताना शेजारणीचा खांदा धरावा लागतो. मला याचं फार वाईट वाटतं. एवढे कष्ट घेतले ते काय यासाठी?

एका जिममध्ये गेले होते. तिथल्या मुलाने पहिल्याच दिवशी 60 बैठका काढायला लावल्या. तीन दिवस जिना उतरता आला नाही. डावा गुडघा आधीच कुरकुरतो. घरच्या घरी काही करता येईल का?

धुळ्याचे_नाना
ताई, भरलेली टाकी म्हणजे 14.2 किलो गॅस, वर रिकाम्या टाकीचं 15-16 किलो (हा आकडा टाकीवरच लिहिलेला असतो). 30 किलोचं ओझं आहे ते, एकदम तिथे जाऊ नका.

मी 53 व्या वर्षी खुर्चीपासून सुरुवात केली. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, म्हणजे सरकत नाही. हात छातीवर. मनात तीन मोजत हळूहळू बसायचं, धप्पकन नाही. बूड टेकलं की टाचांवर भार देऊन उठायचं. असं 8 वेळा, दोन मिनिटं दम खायचा, पुन्हा 8, पुन्हा 8. गुडघा दुखला तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. 12 सहज जमायला लागले की 5 किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून तेच. जोर आधी भिंतीला हात टेकून, मग ओट्याला. आठवड्यातून दोनदा, मध्ये दोन दिवस सुट्टी. आकडे वहीत लिहा, माझी तिसरी वही चालू आहे.

फिजिओ_जळगाव
नानांचं बरोबर आहे. नुसतं जेवण कमी करून आणि चालून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, उतरलेल्या वजनाचा पाव हिस्सासुद्धा. पाळी जाण्याच्या वयात ही झीज आणखी वाढते. जागतिक आरोग्य संघटनेनेही चालण्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. उचलताना श्वास रोखू नका, सोडा. बीपी मोजून घ्या. शुगरची गोळी चालू असेल तर उपाशीपोटी करू नका. अंग दुखणं चालेल, सांध्यात कळ आली तर थांबा.

केळीचा_मळा
ताई, जेवणात काय घेता? 65 किलो वजनाला दिवसाला 75-80 ग्रॅम प्रथिनं लागतील. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. माझ्या आईची भाजी-भाकरीत निम्मीही भरत नव्हती. आता कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, दुपारी वाटीभर घट्ट वरण, संध्याकाळी मूठभर फुटाणे, दोन अंडी, रात्री दही. भरीत खावं, पण त्यावर भागवू नये.

भुसावळची_मावशी
सात आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात 8 पैकी 5 च जमले, तेही उशी ठेवून. आता उशी काढली. जोर ओट्यावर आले. वजन 66 झालं तेव्हा घाबरले होते, पण ब्लाऊज तेवढाच बसतो.

काल टाकी आली. एकटीने उचलली नाही, मुलाने आणि मी एकेक बाजू धरली. पण परवा हळदीला पंगतीतून उठले ती कुणालाही न धरता. जाऊबाईंनी आधीच हात पुढे केला होता.

नाना, तांदूळ 5 वरून 7 किलो करू का? बाराव्या वेळी उठताना गुडघा अजून थोडा बोलतो.

धुळ्याचे_नाना
गुडघा बोलतोय तोवर 5 च ठेवा. एक किलोने वाढवा, तेही पंधरा दिवसांनी.