अनुभव धागा : साधनेतला नियम कुठे अडवतो?

जप, उपास, पारायण, ध्यान करणारे इथे बरेच आहेत. सुरुवातीला हाताला धरून चालवणारा नियम पुढे पाय धरून बसतो. कुठे, का, आणि काय बदललं की सुटका होते, तेवढंच लिहा. आपबीती नको, तपशील हवेत.

——

'रोज १३ माळा झाल्याच पाहिजेत' हा हट्ट एकदा मोजून बघा. 'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरांचा, म्हणजे त्रयोदशाक्षरी मंत्र नीट म्हटला तर साधारण ३ सेकंद लागतात. १०८ मण्यांची माळ साडेपाच मिनिटांत, म्हणजे १३ माळांना ७० मिनिटं. त्या अर्ध्या तासात उरकत असतील तर एका मण्याच्या वाट्याला सव्वा सेकंद आला. मग 'जय जय राम'चं 'ज्जैराम' होतं, अंगठा नुसते मणी ओढतो आणि मन संध्याकाळच्या भाजीत. दोन आठवडे आकडा सोडून २० मिनिटांचं घड्याळ लावा. मेरुमणी (माळेच्या टोकाचा मोठा मणी) आला की माळ उलटवण्याआधी एक पूर्ण श्वास घ्या. मन भरकटलं तर माळ पहिल्यापासून सुरू करू नका. त्याच मण्यावर मंत्र पुन्हा म्हणा, पुढे चला.

——

उपासात सगळी बुद्धी 'हे चालतं का?' यावरच खर्च होते. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो कंद, सगळे मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसाच्या आधीच्या उपासाच्या ताटात यातलं काहीच नसणार! जिरं एका घरात चालतं, शेजारच्या घरात नाही.

मधुमेहींच्या बाबतीत मात्र हा हट्ट महागात पडतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि उपास मोडू नये म्हणून पोट रिकामं ठेवलं, तर रक्तातली साखर ७० (mg/dL) च्या खाली जाऊ शकते. घाम, हातांची थरथर ही देवानं घेतलेली परीक्षा नव्हे. शुद्ध असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. डोस काय ठेवायचा ते डॉक्टरांशी आधीच ठरवा. उलट बाजूनं, साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडीच्या बशीनं साखर उसळते. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही असं स्वच्छ म्हटलंय. यादीवाले तिथवर पोचत नाहीत.

——

गुरुचरित्राच्या सप्ताहाबद्दल, म्हणजे सात दिवसांच्या पारायणाबद्दल थोडंसं. पहिल्या दिवशी ७ अध्याय वाचण्याची पद्धत आहे, ९ वाचण्याचीही. दोन्ही छापलेल्या मिळतात. अध्यायांचा आकडा चुकला तर देवाचा कोप होईल अशी भीती वाटत असेल तर आधी हे बघावं.

——

ध्यानाला पद्मासनच हवं, हा समज गुडघ्यांवर निघतो. खुब्याचा सांधा बाहेर वळत नसेल तर तो पीळ गुडघा घेतो. घोंगडीची चार-पाच इंचांची घडी बैठकीखाली घ्या, गुडघे खुब्यांपेक्षा खाली यायला हवेत. पायाला मुंग्या आल्या तर घाबरू नका, पण गुडघ्याच्या आत टोचलं तर लगेच पाय सोडा. तरीही जमत नसेल तर सरळ खुर्ची. पाठ टेकायची नाही, तळवे पूर्ण जमिनीवर. उंची कमी असेल तर पायाखाली पाट.