पद्मिनी कोल्हापुरे: ठाणेकरांनो, तुमच्या आठवणी सांगा

नौपाडा_जुना:
परवा टीव्हीवर 'प्रेमरोग' लागला होता, बायकोने मधेच विचारलं, अहो ही तेव्हा किती वर्षांची असेल हो? म्हटलं चल हिशोब करू. जन्म १ नोव्हेंबर १९६५, पिक्चर १९८२ चा. म्हणजे रिलीज झाला तेव्हा सोळा पूर्ण, सतरावं चालू, आणि शूटिंग त्याच्याही आधीचं. माझ्याहून जेमतेम वर्षाने मोठी! ती पडद्यावर लग्न होऊन, विधवा होऊन, अख्ख्या हवेलीशी भांडत होती तेव्हा मी दहावीच्या बीजगणिताशी भांडत होतो. म्हणून हा धागा. गॉसिप नको प्लीज, ते बाकी सगळीकडे मिळतं. पिक्चर कुठे बघितला, घरचे काय म्हणाले, तुमच्या कामाधंद्यात ती कुठे भेटली, असलं लिहा.

सुरुवात मीच करतो. आमचे बाबा पेटी वाजवायचे, भजनी मंडळातले. रेडिओवर 'यादों की बारात'चं टायटल साँग लागलं की आवाज मोठा करायचे आणि म्हणायचे, लतादीदींबरोबर त्या मुली गातायत ना, त्या पंढरीनाथ कोल्हापुऱ्यांच्या, शिवांगी आणि पद्मिनी. पिक्चर १९७३ चा, म्हणजे पद्मिनी तेव्हा सात-आठ वर्षांची. बाबांच्या लेखी ती शेवटपर्यंत 'पंढरीनाथांची मुलगी'च राहिली, सिनेमात काम करते ही जणू तिची साइड ॲक्टिव्हिटी. 'सत्यम शिवम सुंदरम' आम्हाला बघू दिला नाही पण 'यशोमती मैया से' लागलं की बाबाच गुणगुणायचे, आणि ते छोट्या रूपावर, म्हणजे नायिकेच्या लहानपणावर आहे, म्हणजे हिच्यावरच.

चरईची_सुमन:
माझी आजी चौदाव्या वर्षी लग्न होऊन आली आणि विशीच्या आत विधवा झाली, पुढचं सगळं आयुष्य दिरांच्या घरात. चरईत आमच्या वाड्यात एकाच बिऱ्हाडात टीव्ही होता, तिथे सगळे जमायचे. 'प्रेमरोग' टीव्हीवर लागला तेव्हा आजी नेहमीसारखी भिंतीला टेकून जपमाळ घेऊन बसलेली, तिला हिंदी पिक्चरचं काही पडलेलं नसायचं. पद्मिनी पांढऱ्या साडीत आली आणि आजी उठून टीव्हीच्या पार जवळ जाऊन बसली. सगळे ओरडले आजी दिसत नाहीये, पण हलली नाही. नंतर आईला म्हणाली, पोरीला पदर घेता येत नाहीये गं, सारखा घसरतोय, कुणी शिकवला नसेल. एवढंच. पिक्चर विधवा विवाहावर आहे, राज कपूरचा आहे, पुढे ऋषी कपूर लग्न करतो हिच्याशी, त्यावर आजी एक अक्षर बोलली नाही. मला तेव्हा वाटलं आजीला गोष्ट कळलीच नाही. आता वाटतं तिला एकटीलाच दिसलं की ती मुलगी खरोखर लहान आहे, बाकी आम्हाला हिरोईन दिसत होती.

व्हिडिओवाला_अण्णा:
सुमनताई, छान लिहिलंत.
माझी सावरकर नगरला व्हिडिओ लायब्ररी होती, ८४ पासून केबल येऊन धंदा बसेपर्यंत. चाळीत सत्यनारायण असला की लोक वर्गणी काढायचे, कलर टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने, रात्रभर तीन पिक्चर. पहिला धार्मिक किंवा मराठी म्हाताऱ्यांसाठी, दुसरा फॅमिली, तिसरा मारधाडीचा, तोपर्यंत पोरंटोरं झोपलेली असायची. तो मधला फॅमिली म्हणजे ८५ नंतर डोळे झाकून 'प्यार झुकता नहीं'. मिथुन आणि पद्मिनी. माझ्याकडे त्याच्या कॅसेट घासून घासून अशा झालेल्या की 'तुमसे मिलकर' सुरू झालं की स्क्रीनवर खालून वर रेघा चालायच्या, मग पिक्चर थांबवायचा, झाकण उघडायचं, स्पिरिट लावलेला कागद हेडवर धरायचा, परत लावायचं, तोवर मागून शिट्ट्या.
आणि एक वेगळं गिऱ्हाईक होतं 'गहराई'चं. १९८० चा, भूतबाधेचा. कॉलेजची मुलं गुपचूप मागायची, परत करताना म्हणायची अण्णा रात्री झोप नाही आली. मी स्वतः तो दुकानातच बघितला दुपारी शटर अर्ध ओढून, आणि त्या मुलीचा आवाज बदलतो त्यानंतर पुढचं बघायला दिवे लावले. चौदा वर्षांच्या पोरीने केलेलं काम आहे ते. आजच्या हॉररवाल्यांनी बघावं एकदा.

कोपरी_एक्सप्रेस:
आमच्या गल्लीत सगळी पोरं छातीठोकपणे सांगायची की प्रीमियर पद्मिनी टॅक्सीला हिचंच नाव दिलंय. एका काकांनी समजावलं की अरे ते चितोडच्या राणीवरून आहे, तर आम्ही त्यांनाच वेड्यात काढलं 😄 आनंद टॉकीजला बघितलेत हिचे पिक्चर, कुठला कधी ते विचारू नका, इंटर्व्हलचा वडा तेवढा आठवतोय.

वर्षा_घो_रोड:
मी जरा वेगळ्या बाजूने लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या. माझ्या मुलाने तीन-चार वर्षं मराठी सिरियलमध्ये काम केलं, सेट घोडबंदर रोडलाच होता, घरापासून वीस मिनिटं, म्हणून तर हो म्हटलं. सुरुवातीला मज्जा, स्पॉटदादा लाड करतायत, ड्रेसदादा कुर्ता शिवून आणतायत, बिल्डिंगमधले लोक सेल्फी घेतायत. मग कळायला लागलं. कॉल टाइम सकाळी सातचा आणि सीन लागतो दुपारी तीनला. मधल्या वेळात पोरगं मेकअपमध्ये बसून, झोपायचं नाही कारण केस खराब होतील. कागदावर नियम आहेत हो, २०१७ मध्ये आले ते, चौदाच्या आतल्या मुलाला दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, तीन तासांनंतर विश्रांती हवीच, सलग सत्तावीस दिवसांच्या वर नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, आणि कमाईतले कमीत कमी वीस टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी. एफडी झाली, ती करावीच लागते कारण कागद दाखवायचा असतो. पाच तासांचं मात्र असं की प्रॉडक्शनवाले म्हणायचे ताई वाट बघणं म्हणजे काम नाही ना, कॅमेऱ्यासमोर तो तासभरच होता! मी भांडले एकदा तर दुसऱ्या दिवशी माझ्याशी कुणी बोलेना, आणि मुलाचा ट्रॅक हळूहळू मामाच्या गावाला गेला, म्हणजे स्टोरीत.
हे सांगायचं कारण, पद्मिनीच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. १९८६ चा बालकामगार कायदासुद्धा आलेला नव्हता. आणि आजही चौदा पूर्ण झाली की हे पाच तासांचं वगैरे लागू होत नाही. 'इन्साफ का तराजू' १९८० च्या नोव्हेंबरात आला, शूटिंगच्या वेळी ती चौदाची. त्यातला तिच्यावरच्या बलात्काराचा प्रसंग मी आई झाल्यावर परत बघायला बसले आणि बंद केला. राज बब्बरने काम चांगलं केलंय, बी. आर. चोप्रांचा हेतू चांगला असेल, कोर्टात बाईची कशी उलटतपासणी होते ते त्यांनी दाखवलं, सगळं मान्य. पण मॉनिटरमागे तिच्या घरचं कोण बसलं होतं, टेक किती झाले, पॅकअपनंतर ती काय जेवली, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

मीनल_पाचपाखाडी:
वर्षाताई तुमचा मुद्दा कळतो पण मला थोडं उलटं म्हणायचंय. आपण चाळीस वर्षांनी बसून तिला बिचारी करतोय. ती बिचारी नव्हती हो! 'इन्साफ का तराजू'साठी सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर, मग 'प्रेमरोग'साठी थेट बेस्ट ॲक्ट्रेस, तेही सतराव्या वर्षी. 'वो सात दिन' बघा, १९८३, अनिल कपूर नवखा आहे, समोर नसीरुद्दीन शाह, आणि पिक्चर कुणाच्या खांद्यावर आहे? हिच्या. मी तेव्हा कॉलेजात होते, आमच्या घरी मुलीने नाटकात काम करायचं म्हणजे महाभारत. गडकरी रंगायतनला एकांकिका स्पर्धा होती, वडिलांनी तालमीला जाऊ दिलं नाही, साडेसातच्या आत घरात म्हणजे घरात. आणि माझ्याच वयाची एक मराठी मुलगी ट्युलिपच्या बागेत हॉलंडला जाऊन 'प्रेमरोग'चं 'भंवरे ने खिलाया फूल' करतेय. मला तिची दया नाही आली कधी, हेवा वाटायचा, आणि तो हेवा चांगला होता.
८६ ला तिने लग्न केलं, निर्माते प्रदीप शर्मांशी, ऐन भरात होती. तेव्हा आमच्या मावश्या म्हणाल्या, झालं, संपलं करिअर. विशी-एकविशीतली बाई, आणि संपलं म्हणे! पण इंडस्ट्रीही तशीच होती, लग्न झालेली हिरोईन म्हणजे भाव खाली. ऋषी कपूर लग्न करून पुढे वीस वर्षं हिरो राहिला की.

नौपाडा_जुना:
मीनल, हॉलंडचं बरोबर, कोकेनहॉफची बाग ती. बाकी भांडा पण गोडीत 🙂

मीनल_पाचपाखाडी:
काका हे गोडीतच आहे!

जयू_कळवा:
प्रिन्स चार्ल्सचा किस्सा कुणी कसा नाही लिहिला अजून? १९८० ला तो मुंबईत आला होता, 'आहिस्ता आहिस्ता'चं शूटिंग बघायला गेला, हिने हार घातला आणि गालावर पापी घेतली. पंधरा वर्षांची पोर, तिला काय त्याचं. पण बाहेर जो गहजब झाला! आमच्या वर्गात दोन पार्ट्या पडलेल्या, एक म्हणे शोभतं का मराठी मुलीला, दुसरी म्हणे राजपुत्राला घेतली ना, कुणा ऐऱ्यागैऱ्याला नाही. आमच्या बाई मात्र म्हणाल्या तुम्ही आधी भूगोलाच्या वह्या काढा. पुढे कधीतरी ती लंडनला गेली तर इमिग्रेशनवाल्याने विचारलं ती चार्ल्सवाली तूच का, असं तिनेच मुलाखतीत सांगितलंय. एवढे पिक्चर केले, विमानतळावर ओळख काय तर ही.

शिक्षिका_वर्तकनगर:
मी माध्यमिकला शिकवते. 'सैराट' आला २०१६ ला तेव्हा आमच्या नववी-दहावीच्या मुली आर्ची होऊन बुलेटबद्दल बोलायच्या, आणि रिंकू राजगुरू त्यांच्याच वयाची हे त्यांना पक्कं माहीत होतं. पद्मिनीच्या वेळी आम्हाला तिचं वय माहीतच नव्हतं, पडद्यावर बाई दिसली की बाई. रिंकूला अकलूजला शाळेत गर्दीमुळे बसता येईना म्हणून तिने बाहेरून दहावी दिली. सतरा नंबरचा फॉर्म आम्ही एरवी भरून घेतो तो नापास होऊन शाळा सुटलेल्या, गॅरेजला लागलेल्या मुलांसाठी, त्याच रांगेत राष्ट्रीय पुरस्काराचा स्पेशल मेन्शन मिळालेली मुलगी. निकाल लागला तर तिचे टक्के चॅनलवर ब्रेकिंग न्यूज. माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, मॅडम तिला कमी पडले असते तर? मी म्हटलं तर तेही दाखवलं असतं.

प्रकाश_बँड_खारेगाव:
आमचा बँड आहे, वडिलांपासून. लग्नात मुलगी सासरला निघाली का आजपन 'प्रेमरोग'च्या 'ये गलियां ये चौबारा'ची फर्माईश येते, पोरीच्या आईकडनं. क्लॅरिनेटवर लय गोड वाजतं ते. नव्या पोरांना पिक्चर कुठला ते माहीत नाय. मी एकदा एका नवरीच्या बापाला बोल्लो, दादा पिक्चरमध्ये हे गाणं झाल्यावर पोरीचा नवरा लगेच मरतो, दुसरं वाजवू का? तो बोल्ला गप वाजव, कुणाला सांगू नको 😂

चरईची_सुमन:
प्रकाशदादा 🙈 माझ्याही लग्नात हेच वाजलं होतं.

स्नेहल_हिरानंदानी:
मी ९१ चा जन्म, त्यामुळे माझी पद्मिनी म्हणजे 'चिमणी पाखरं'. २००३, महेश कोठारेंचा. आईला दुर्धर आजार होतो आणि ती एकेक मूल दुसऱ्यांच्या घरी देते. मल्हार टॉकीजला आई, मामी, आत्या आणि मी. इंटर्व्हलला लाइट लागले तर अख्खी रांग नाक पुसतेय आणि तरी सगळ्यांना समोसे हवेत. मला घरी आल्यावर रात्री ताप भरला, मी आईला विचारलं होतं तू मला कुणाला देशील. आई म्हणाली मामीला, आणि मामी म्हणाली मला नको हिला, जेवत नाही काही. आईनेच सांगितलं की अगं ही केवढी मोठी स्टार होती, तेव्हा मला पटेना, मला ती आईच वाटायची, कुणाचीतरी आई. मग 'फटा पोस्टर निकला हिरो'मध्ये शाहिदची आई, 'पानिपत'मध्ये गोपिकाबाई. 'पानिपत'मधली बघा नक्की, थोडेच सीन आहेत पण डोळ्यांनी जे काय केलंय.

व्हिडिओवाला_अण्णा:
गोपिकाबाई बघितली. अशी बाई शनिवारवाड्यात असती तर मीही वचकून राहिलो असतो.

कोपरी_एक्सप्रेस:
वर्षाताई, एक विचारू? मुलगा करतो का अजून काम? की सोडलं?

वर्षा_घो_रोड:
सोडलं. आता आठवीत आहे, ऑफस्पिन टाकतो आणि सिरियलमधले त्याचे सीन कुणी लावले तर खोलीतून निघून जातो. मध्ये एका वेबसिरीजचं ऑडिशन आलं होतं, आम्ही त्यालाच विचारलं. तो म्हणाला रविवार असेल तर मॅच आहे. रविवारच होता. मीनल, तुमच्या एकांकिकेचं पुढे काय झालं ते लिहा ना, अर्धवट सोडलंत.

मीनल_पाचपाखाडी:
लिहिते उद्या सविस्तर. माझ्या जागी जिला घेतलं तिने पहिलं बक्षीस आणलं आणि आता ती माझी विहीण आहे!